सात किलोचा जीव

कास्तकाराच्या घरात जनावर आलं की आधी त्याचं काम विचारलं जातं. बैल वखराला आणि डवऱ्याला, गाय दुधाला, बकरी अडीअडचणीत विकायला. कुत्रंही असतं, पण ते जागलीला. रात्री वावरात राहायचं, रानडुकरं आली की भुंकून माणसाला उठवायचं आणि उरलीसुरली भाकर खायची. त्याच्या दुखण्याखुपण्याकडे बघायला कोणाला सवड नसते. यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या आमच्या कापूस-तुरीच्या गावात, या हिशेबात न बसणारी एक कुत्री गेली काही वर्षं माझ्या घरात आहे. तिचं नाव बोंडी. पांढऱ्या केसांवर तपकिरी ठिपके, वेचणीला आलेल्या बोंडासारखी दिसते म्हणून माझ्या पुतणीनं ठेवलेलं नाव. आई तालुक्याच्या गावातली, सगळे ज्याला पामेरियन म्हणतात तसली (आपल्याकडचे बहुतेक पामेरियन खरं तर इंडियन स्पिट्झ असतात), आणि बाप तिथल्याच गल्लीतला गावठी. बोंडीला कान बापाचे मिळाले, केस आईचे. वजन सात किलो.

वजन मी मुद्दाम सांगते आहे. तिला सांभाळताना मला जे काही कळलं, ते फिरून या सात किलोंपाशीच येतं. आमच्याकडे सगळं मोठ्या अंगाच्या मापाचं आहे. ऊन तसं, औषधं तशी, फवारणीची विषं तशी, आणि खाऊ घालायची मायासुद्धा तशीच. बैलाला जे सहज सोसतं, माणसाचं ज्यानं नुसतं डोकं दुखतं, ते लहान अंगाच्या जिवावर बेतू शकतं. तिथे सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणून लहान कुत्रं पाळणं म्हणजे मुख्यतः रोज बघणं, हात लावून बघणं, हे मी मानते. लाड त्यानंतर.

वजनाचा काटा आमच्या घरी होताच. वेचणीच्या दिवसांत बाया संध्याकाळी गाठोडी घेऊन येतात, कडुलिंबाच्या फांदीला काटा लटकवलेला असतो आणि किलोवर वेचाई ठरते. शेवटचं गाठोडं उतरलं की त्याच काट्याला कापडी पिशवी अडकवून मी बोंडीला तिच्यात बसवते. पिशवीतून फक्त डोकं आणि पुढचे दोन पाय बाहेर. ती हलत नाही, काट्याकडे बघत नाही, समोर बसलेल्या बायांकडे एकेक करून बघत राहते. आकडा स्थिर होईपर्यंत सगळ्या गप्प असतात, मग कोणी तरी म्हणतं, "भरली वं पोट्टी," किंवा "सुकली थोडी." हंगाम नसला तरी महिन्यातून एकदा काटा निघतो. सात किलोंत अर्धा किलो इकडेतिकडे झाला तर ती मोठी बातमी असते. माणसाच्या वजनात चार-पाच किलोंचा फरक पडावा, तेवढी. औषधाची मात्राही वजनावरच ठरते, तेव्हा डॉक्टरांनी विचारल्यावर अंदाजानं सांगण्यापेक्षा कालचा आकडा सांगितलेला बरा.

उन्हाळ्याबद्दल वैदर्भीय माणसाला मी काय सांगावं! नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ब्रह्मपुरी, चंद्रपूर, वर्धा, अकोला यांची नावं दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत असतात. पण ते तापमान हवेचं, सावलीतलं. बोंडीचं पोट जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं आणि भर दुपारी डांबरी सडक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंज्यांच्या गाद्यांना थोडासा. बाकीची सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवाटे बाहेर टाकायची. ४५ अंशांच्या हवेत ती टाकायची तरी कुठे? त्याचं निरोगी अंग ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१च्या वर गेलं की आतले अवयव धोक्यात येतात.

म्हणून चैत्र लागला की आमचं फिरणं पहाटे. सडकेवर पालथा हात ठेवायचा, पाच-सात सेकंद ठेववला नाही तर तिचे पाय तिथे पडता कामा नयेत. लोक सांगतात, केस भादरून टाका, मोकळं वाटेल. या जातीच्या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस ऊन थेट कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. काढायची असते ती आतली मऊ लव, आणि ती कंगव्यानं निघते. रोज थोडी थोडी निघते, आणि आमच्या अंगणातल्या चिमण्या ती उचलून नेतात. लाइन गेली, कूलर बंद पडला की बोंडी न्हाणीत जाऊन ओल्या फरशीवर पोट टेकते. तिला तिची जागा ठाऊक आहे, आपण फक्त दार उघडं ठेवायचं.

कधी ती अडखळत चालायला लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, तर गाडी शोधत बसू नये. आधी माठातलं किंवा नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर ओतावं, पंखा लावावा, आणि मग दवाखान्याची वाट धरावी. तोंडात बळजबरीनं पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवणंही चुकीचं, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता आत कोंडतो.

पण विदर्भात कुत्र्याचा मोठा वैरी ऊन नाही. तो गोचीड आहे.

एका पावसाळ्यात बोंडीनं भाकर सोडली. पहिल्या दिवशी घरातल्यांना वाटलं, पोट बिघडलं असेल. संध्याकाळी मी तिचा वरचा ओठ उचलून बघितला. रोज गुलाबी दिसणारी हिरडी पांढुरकी झाली होती. अंगठ्यानं दाबली की रंग जातो आणि सोडल्यावर लगेच परत यायला हवा. तो यायला वेळ लागत होता. पोटाच्या कातडीवर, जिथे केस विरळ असतात तिथे, बारीक जांभळे ठिपके होते, आणि सकाळी एका नाकपुडीतून रक्ताची रेघ आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी कानाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि बाकीचं तपासायला पाठवलं. प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. डेंगूमुळे हा शब्द आता आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्यांना मी सांगते की कुत्र्यालाही असंच होतं, फक्त डासाच्या जागी गोचीड असतं. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडाच्या तोंडातून रक्तात जातो. बॅबेसिया नावाचा दुसरा एक परजीवी तांबड्या पेशीच फोडतो. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण सलग चार आठवडे, आणि चार दिवसांत कुत्रं नाचायला लागलं तरी थांबायचं नाही. ही गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. म्हणून आधी वरणात कालवलेली भाकर, मग गोळी, मग पुन्हा दोन घास. घास गिळेपर्यंत मी तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बसायची. गोळी खाली उतरल्याचं बोटांना कळतं.

ती बरी झाली. तेव्हापासून दिवेलागणीनंतर ओसरीवर आमचा एक तास ठरलेला आहे. बॅटरी, चिमटा, मिठाच्या पाण्याची वाटी. आधी कान, आतल्या घड्या उलटून. कानाच्या कडेला एक छोटी दुमड असते, गोचिडांची ती लाडकी जागा. मग पापण्यांच्या वर, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, आणि शेवटी प्रत्येक बोटाची फट. लहान पिल्लू तिळाएवढं असतं, ते डोळ्यांआधी बोटाला लागतं. रक्त पिऊन फुगलेली मादी तुरीच्या दाण्याहून मोठी, राखाडी, गुळगुळीत. चिमटा कातडीला टेकवून, गोचीड डोक्याशी धरून सरळ वर ओढायचं. पिळायचं नाही, रॉकेल लावायचं नाही, आणि नखांवर चिरडायचं तर मुळीच नाही.

बोंडीला या तासात झोप येते. पाय वर करून ती आपणहून दुसरी काख दाखवते.

गोचिडांची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ती थोडी, बाकीची घरात असतात. हे तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितं आणि प्रत्येक वेळी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत शिरतं. मादी तिथेच हजारांनी अंडी घालते. रक्ताशिवाय ते महिनोन्‌महिने वाट बघू शकतं. आमच्या मातीच्या भिंती, कोठ्याचा कुड, चौकटीमागच्या भेगा ही सगळी त्यांची घरं. आम्ही भेगा बुजवल्या, चुना मारला, तिचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकलं, तेव्हा कुठे आकडा उतरला. महिन्याला चघळायची गोळीही असते, ती वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्यावी. ढोरांच्या गोचिडाचं औषध मात्र कुत्र्याला कधीही चोळू नये. त्याचं माप तीन-साडेतीनशे किलोंच्या बैलासाठी असतं, आणि कुत्रं अंग चाटतं.

घरातल्या माणसांच्या गोळ्यांचंही तेच. लंगडताना दिसलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं जातं, प्रेमानंच दिलं जातं, आणि त्यानं आतड्यांत रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोर घडली. ते दिलेली ढोरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडं जवळपास संपली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण आमच्या गावाबाहेरच्या ढोरफोडीवर तोवर मोकाट कुत्र्यांचं राज्य सुरू झालं होतं. माझ्या लहानपणी तिथे गिधाडांची रांग बसलेली असायची.

श्रावण-भाद्रपदात फवारणी सुरू झाली की बोंडीचं वावरात जाणं बंद. २०१७चा हंगाम आमचा जिल्हा विसरलेला नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारताना विषबाधा होऊन शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली, वीसहून अधिक गेली. जे विष धडधाकट पुरुषाला आडवं करतं, त्यातून पोटाला पानं घासत जाणाऱ्या आणि घरी येऊन पाय चाटणाऱ्या जिवाचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. चुकून गेलीच तर साबण लावून पाय आणि पोट धुते, तेही हातात मोजे घालून. तोंडाला फेस, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, यातलं काहीही दिसलं तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जावं. डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

खाण्यावरून आमच्या घरात बरंच बोलणं झालं. सासूबाईंना सुरुवातीला ही कुत्री घरात नकोच होती. "हे कायच्या कामाचं वं? ना भुंकत, ना राखत." पण पंगतीला बसलेल्या जिवाला उपाशी ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. नामदेवांची गोष्ट त्यांच्या तोंडी नेहमी असते. कुत्रं भाकर घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नको म्हणून. तेव्हा बोंडीच्या भाकरीवर तूप पडायला लागलं, आणि काटा आठ किलोंकडे निघाला. मी त्यांना नाही म्हणाले नाही. पिशवीसकट तिला काट्याला लावून आकडा दाखवला आणि सांगितलं की हे वजन तिच्या गुडघ्यांवर येतं, लहान कुत्र्यांच्या गुडघ्याची वाटी सहज सरकते. जास्त तुपानं स्वादुपिंडही सुजतं. त्यांनी बराच विचार केला. आता तुपाचं एक बोट, तेही सणाला. रोज ज्वारीची अर्धी भाकर फोडणी न घातलेल्या वरणात, एक उकडलेलं अंडं, कधी हाडं काढलेली कोंबडी. कांदा-लसूण नाही, कारण त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आमचा रस्सा तिला वर्ज्य. मनुका आणि द्राक्षंही नाहीत. शिजवलेलं हाड फुटून त्याचे काटे होतात, ते मोठ्या कुत्र्यालाही देऊ नये.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाबद्दल, म्हणजे रेबीजबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. गावात अजून चावल्या जागी मिरची आणि चुना लावतात. सासूबाईंच्या पिढीनं पोटातली चौदा इंजेक्शनं बघितली आहेत, त्या भीतीनं माणसं आजही दवाखाना टाळतात. ती पद्धत केव्हाच गेली. आता दंडात चार-पाच सुया, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. पाश्चरनं १८८५ साली नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस दिली आणि ते पोर जगलं. आज, इतक्या वर्षांनी, लक्षणं सुरू झाल्यावर मात्र जवळपास कोणीही वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बोंडी घरातच असते तरी तिला दरवर्षी सुई टोचते, कारण दारातून आत येणारं मोकाट कुत्रं कोणाला विचारून येत नाही. दुसरी एकत्रित लस पार्व्हो आणि डिस्टेम्पर या विषाणूंच्या रोगांसाठी. तिचा संबंध जंगलाशीही आहे. टिपेश्वरचं अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. डिस्टेम्पर कुत्र्यांकडून मोठ्या मांजरकुळाला होतो, आणि २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह गेले त्यात हा विषाणू सापडला होता. त्याच वर्षी आमच्या तालुक्यात टी-१ वाघिणीच्या भीतीनं माणसं दिवस मावळायच्या आत वावरातून परतत होती. वाघ-बिबट्यांच्या शेजारात राहायचं तर आपल्या कुत्र्याचा रोग त्यांच्या तोंडी जाऊ नये, हे बघणं आपल्याकडे लागतं. रात्री बोंडी दाराच्या आत झोपते. अंगणात साखळीनं बांधलेलं लहान कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट.

नसबंदीच्या ऑपरेशनवरून मात्र वाद झाला. "एक येळा तरी पिल्लं होऊ दे तिले, पाप लागते," असं शेजारच्या काकूंपासून सगळ्यांचं म्हणणं. गल्लीतली कुत्री वीस-पंचवीस किलोंची. तसल्या बापाची पिल्लं सात किलोंच्या पोटात अडली तर रात्री-बेरात्री पोट फाडून काढावी लागतात, आणि ते करणारा दवाखाना आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. ऑपरेशन न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होऊ शकतो, तो वेगळाच. पिल्लं झालीच पाहिजेत असा तिच्या प्रकृतीचा काही नियम नाही, हे डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून, व्यवस्थित वेळ घेऊन सांगितलं. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून माझ्या जुन्या ब्लाउजचा तिला अंगरखा शिवला, तो त्यांनीच.

आता तिच्या दाढांवर पिवळा थर चढला आहे. लहान तोंडात दात दाटीनं असतात, भाकर-वरण मऊ, त्यामुळे मळ लवकर साठतो आणि हिरडीतला जंतू रक्तावाटे पुढे जातो. मी बोटाला कापड गुंडाळून रोज पुसते, माणसांची टूथपेस्ट वापरत नाही. पण चढलेला थर तेवढ्यानं निघायचा नाही. गुंगी देऊन साफ करावं लागेल, त्याआधी रक्त तपासावं लागेल, आणि त्यासाठी नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आहे. मृग लागायच्या आत जायला हवं. एकदा पेरणी सुरू झाली की घरातलं कोणी दिवसभर मोकळं सापडत नाही. ह्यांनी गाडीची सोय बघितली, मी जुने कागद, लसींचं पुस्तक, वजनाची वही एका पिशवीत भरली. जाताना किती माणसं, म्हणून ह्यांनी विचारलं.

"दोघं," मी म्हटलं.

"तीन," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी येतो ना. मांडीवर कोन घेईन तिले?"